डाव्या मागचा डबा

एक काळ असा होता की आमच्या मुखेड भागातले लोक लग्नाची तारीख पक्की करण्याआधी मला विचारायला यायचे, त्या दिवशी मशीन मोकळी आहे का म्हणून. मशीन म्हणजे लाऊडस्पीकरची. एक ॲम्प्लिफायर, एक बॅटरी, दोन माईक आणि चार भोंगे. शाळेत मी चौथीच्या पुढं गेलो नाही, पण चाळीस वर्षं मी माईकात खाकरलो तरी चार गावं ऐकायची. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगायचंय त्यात फुशारकी मारायला जागा सापडणार नाही.

त्या धंद्याची एक रीत होती. ऑपरेटर मशीन घेऊन मांडवात मधोमध बसणार आणि भोंगे उंच बांधणार, चार दिशेला चार, तोंडं बाहेर. मांडवातल्यांना ऐकू येवो न येवो, ते जेवायला आलेले असतात. आवाज पाहिजे तो न आलेल्यांना. लग्न किती मोठं झालं हे किती शिवारांत ऐकू गेलं त्यावर ठरायचं. त्यातला एक भोंगा तर खास असायचा. लग्न म्हणलं की भावकीतलं कुणीतरी रुसून घरी बसलेलं असतंच. नवरदेवाचा बाप हळूच जवळ येऊन सांगायचा, "एक तोंड त्यांच्या घराकडं राहू द्या." मी राहू द्यायचो. रुसलेल्या माणसाला मग दोन दिवस आमचं लग्न कानानं जेवावं लागायचं.

भोंगे बांधलेला बांबू नेहमी माझ्या डाव्या हाताला असायचा, त्यामुळं डावा कान जड झाला. जड झाला हे मला ठाऊक होतं. जवळजवळ गेला हे ठाऊक नव्हतं, आणि कुणी सांगितलं असतं तर मी त्याला मांडवातून उठवलं असतं.

पुढं डीजे आले, माझे भोंगे माळ्यावर गेले. राहिली ती एकच जागा. श्रावणात आमच्या मठात महिनाभर पोथी चालते, तिथली मशीन अजून माझ्याकडं आहे. स्वामींच्या शेजारी माझी खुर्ची असते. गावात आता मला ती एकच खुर्ची उरली आहे, म्हणून तिचे चारी पाय मी घट्ट धरून ठेवले आहेत.

गेल्या श्रावणात काय झालं, की स्वामी पोथी वाचत असताना माईक शिट्टी मारायला लागला. चांगला अर्धा अध्याय. भोंगा माझ्या डाव्या अंगाला, मला पत्ता नाही. समोरच्या लोकांनी दोन्ही हात कानाला लावले. मी म्हणलं, वा, आज लोक भक्तीत बुडाले, कान धरून देवाची माफी मागून राहिले. मला इतकं भरून आलं की मी आवाज अजून थोडा वाढवला.

ही गोष्ट लातूरला गेली. माझा मुलगा तिथं नोकरीला आहे. दिवाळीला आला तो एक मोठं खोकं घेऊन. चारी बाजूंनी आवाज येणारी मशीन. टीव्हीला जोडायची. पाच लहान डबे आणि एक मोठा, धमधम करणारा. आईसाठी आणली म्हणाला, तिला मालिका बघताना सिनेमाच्या टाकीजात बसल्यावानी वाटलं पाहिजे.

मग मुख्य गोष्ट काढली. "आप्पा, बसवायला माणूस येईल नांदेडहून. आणि आपण एकदा लातूरला कान दाखवू. तोवर मठातली मशीन दुसऱ्या कुणाकडं—"

"कुणाकडं?" मी म्हणलं. "ज्यानं तालुक्याला ऐकवलं, त्याला ऐकू येत न्हाई व्हय?"

"तसं न्हाई आप्पा."

"तसंच हाय. तू जा लातूरला. पुढच्या रविवारी ये. ही मशीन मी एकटा बसवतो. कुणाचा हात लागणार न्हाई. बसली तर माझ्या कानाचं नाव ह्या घरात काढायचं न्हाई आणि मठाची मशीन माझ्याकडं. न्हाई बसली तर तू म्हणशील त्या डाक्टरकडं येतो, अन् खुर्ची सोडतो."

मुलगा हसला आणि हाव म्हणाला. बायको काहीच बोलली नाही. ती अलीकडं बोलतच नव्हती फारशी. पाच-सहा वर्षांत लई अबोल झाली होती. वय झालं, म्हणलं, माणूस शांत होतं. खरं सांगतो, मला ते बरंच वाटत होतं.

सोमवारी खोकं फोडलं. आत एक कागद होता, सगळा इंग्रजी, पण चित्र होतं. मधोमध एक माणूस बसलेला आणि त्याच्या भोवती डबे. मला हसू आलं. एवढं सोपं! मधोमध बसलेला तो ऑपरेटर, आणि भोवती भोंगे. इंग्रजी लोकांनीही शेवटी आपलीच रीत धरली होती.

दोन दिवस मी शिडीवर होतो. एक डबा समोरच्या खिडकीच्या गजाला बांधला, तोंड रस्त्याकडं. दुसरा उजवीकडं झरोक्यात, तोंड बाजाराकडं. तिसरा मागच्या झरोक्यात, तोंड शिवाराकडं. चौथा डाव्या भिंतीच्या झरोक्यात, तोंड चुलतभावाच्या घराकडं. चुलतभाऊ बांधावरून भांडून चार वर्षं बोलत नव्हता. तिकडं तोंड करताना माझ्या हाताला काही सांगावं लागलं नाही, तो आपोआप वळला. पाचवा डबा उरला, त्याला दिशाच उरली नव्हती, तो टीव्हीखाली सारला. मोठा धमधम डबा दिवाणाखाली ढकलला, पायात नको म्हणून.

संध्याकाळी मालिका लागली. मी मशीन घेऊन मधोमध बसलो. बायको शेजारी बसली. पडद्यावर सासू ओरडली, आभाळ गडगडलं आणि दिवाण हलला. भूकंप बघितलेल्या आमच्याकडच्या माणसाला जमीन हलली की काय करायचं ते सांगावं लागत नाही. एवढी गुडघ्यात वाकून चालणारी माझी बायको, पण मी उठेपर्यंत ती अंगणात उभी होती. तिथून ओरडली, म्हणून मला ऐकू आलं.

"अवो, घर पाडता का काय!"

"बेसचा डबा हाय तो. आत ये."

"आत येऊन काय करू? आत निस्तं हादरायलंय. बोलणं समदं इथं अंगणात ऐकू यायलंय. मपली टीव्ही ऐकायला मी रस्त्यावर खुर्ची टाकू?"

मी म्हणलं, बाईमाणसाला मशीनीतलं काय कळतं. आवाज अजून वाढवला. पलीकडं पानाच्या टपरीवर माणसं जमली तेव्हा मला जुने दिवस आठवून अंगावर काटा आला.

सकाळी मी तोंड धुवून राहिलो होतो तर भिंतीवरून चुलतभावाचं डोकं वर आलं. चार वर्षांनी.

"दादा," तो म्हणाला, "वहिनीला सांगा, कालच्या मालिकेतले दागिने सुनेनं न्हाई नेले. सासूनंच पिठाच्या डब्यात लपिवले. आमाला समदं नीट ऐकू आलं. तुमाला घरात आलं न्हाई म्हणं?"

एवढं बोलून डोकं खाली गेलं. पलीकडून बायकांचं हसणं आलं. बायको चुलीपाशी पदर तोंडाला लावून बसली होती.

मी तो कागद परत उघडला आणि खिडकीत उजेडाला धरला. मधोमध बसलेल्या माणसाच्या हातात मशीन नव्हती. त्याच्या हातात कपबशी होती. शेजारी त्याची बायको होती. आणि डब्यांची तोंडं सगळी त्याच्याकडं होती. ही मशीन बाहेरच्यांना ऐकवायची नव्हतीच. आत बसून आपण ऐकायची होती. चाळीस वर्षं मी आवाज बाहेर धाडला. आत कसा आणायचा ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

बुधवारी सगळे डबे उतरवले आणि कागदाप्रमाणे आत वळवले. दोन टीव्हीच्या बाजूंना, दोन दिवाणाच्या मागं भिंतीवर, एक मधला. धमधम डबा कोपऱ्यात. मशीनीवर एक बटन आहे, ते दाबलं की एकेका डब्यातून खस्स असा आवाज येतो, ओळीनं, फेरी मारल्यागत. सगळे बोलून जातात, म्हणजे कुणाची वायर सुटली ते कळतं.

मी दिवाणावर बसून बटन दाबलं. पुढचा डावा, मधला, पुढचा उजवा, झकास. मागचा उजवा, बराबर. मग आली मागच्या डाव्याची पाळी, तर परत मागचा उजवाच वाजला. परत फेरी. परत तेच. उजवा दोनदा वाजतो आणि डावा मुका.

मी म्हणलं, वायर उलटी गेली. वायरी अदलाबदल केल्या. तरी उजवाच दोनदा. डबे अदलाबदल केले. तरी उजवाच दोनदा. गुरुवारी अख्खी वायर नवी ओढली. शेवटी मी असं ठरवलं की त्या डाव्या कोपऱ्यातच खोट आहे. त्या भिंतीच्या मागं न्हाणीघर, ओल आवाज पिऊन टाकत असेल. भिंतीला हात लावून बघितला. कोरडी होती. मला तिचा राग आला.

बायको दिवाणावर डाळ निवडत बसली होती. तिनं काहीतरी म्हणलं. मी मान वळवल्यावर परत म्हणाली, "वाजला की हो डावा."

"तू डाळ निवड."

शुक्रवारी मशीन आणि तो मुका डबा पोत्यात घालून मी नांदेडच्या एसटीत बसलो. खोक्यावर नाव होतं त्या दुकानात पोतं टेबलावर आदळलं. दुकानदारानं डबा जोडला, मान हलवली, मग माझ्या डाव्या अंगाला येऊन उभा राहिला. मी विचारलं, "खराब हाय का न्हाई, एक सांगा."

तो गप्प.

"गिऱ्हाईकाला जवाब द्यायची रीत न्हाई का तुमच्याकडं?"

तो गप्प. दुकानातली माणसं मात्र हसून राहिली होती. माझा पारा चढला. मी टेबलावर हात आपटून सांगितलं की मी ह्या धंद्यात होतो तेव्हा तुझा बाप रांगत असेल, आणि मुका माल देऊन वर मुका बसतोस.

तो माणूस वळसा घालून समोर आला. "मामा," हात जोडून म्हणाला, "चार बार सांगितलं. डबा एकदम चालू हाय. बघा, वाजून राहिला."

वाजून राहिला होता. टेबलावर, डोळ्यांसमोर. मी पोतं उचललं आणि त्याला सांगितलं की तुझ्या दुकानात लाज राखतो, घरी आला की परत झोपतो, असला बेइमान डबा आहे हा.

शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी मुलगा येणार. संध्याकाळी मी परत सगळं जोडलं आणि बटन दाबलं. उजवा दोनदा. मी दिवाणावर तसाच बसून राहिलो. मठातली खुर्ची मला दिसत होती, आणि तिच्यावर बसलेला दुसराच कुणीतरी.

बायको पोळ्या लाटून आली होती. हातात लाटणं तसंच. समोर उभी राहून म्हणाली, "उठा तिथून. मी बसते."

"तू बसून काय व्हणार?"

"उठा तरी."

ती माझ्या जागेवर बसली आणि डोळे मिटले. "दाबा," म्हणाली. मी दाबलं. खस्स झालं की ती लाटणं त्या डब्याकडं करायची. पुढं डावीकडं. समोर. पुढं उजवीकडं. मागं उजवीकडं. आणि मग मागं, डावीकडं.

"ओळ पाठ झाली तुला," मी म्हणलं. "चार दिस ऐकून राहिलीस."

तिनं डोळेही उघडले नाहीत. मी तिच्या नकळत मशीनीमागं जाऊन सगळ्या वायरी उलट्यापालट्या केल्या. आता कोणता कधी वाजेल ते मलाही ठाऊक नव्हतं. बटन दाबलं. लाटणं फिरलं. प्रत्येक वेळी मी धावत जाऊन डब्याच्या जाळीला बोटं लावायचो. ती ज्याच्याकडं लाटणं करायची तोच माझ्या बोटाखाली थरथरायचा. मागचा डावासुद्धा.

"आता तुमी बसा," ती म्हणाली. "डोळे झाकून."

चार दिवसांत मी डोळे झाकून बसलोच नव्हतो. पुढचे तीन डबे नजरेसमोर होते, ते मी डोळ्यांनीच ऐकले होते. आता डोळे झाकले, लाटणं हातात घेतलं. खस्स, उजवीकडं. खस्स, उजवीकडं. खस्स, उजवीकडं. पाचही वेळा माझं लाटणं उजवीकडंच गेलं. ते मला मध्येच कळलं होतं, पण हात दुसरीकडं जाईना.

डोळे उघडले तेव्हा वाटलं आता ती हसणार. चुलतभावाच्या वेळी हसली होती. ती हसली नाही. लाटणं माझ्या हातातून घेऊन म्हणाली, "उद्या पोरगं आलं की मी काय बोलणार न्हाई. खुर्ची राहू द्या तुमची." आणि पोळ्या झाकायला आत गेली.

रविवारी मुलगा आला. सगळीकडं फिरून बघितलं, बटन दाबलं, दिवाणामागं वाकून कान लावला. "आप्पा, एक नंबर! नांदेडच्या माणसानंही असं बसवलं नसतं." शर्त मी जिंकली. त्यानं टीव्ही लावली. मी मधोमध, मुलगा समोर खुर्चीवर, बायको माझ्या डाव्या बाजूला. ती जागा तिची कायमची, कारण स्वयंपाकघराचं दार तिकडं आहे.

मुलगा हसला. म्हणजे ती काहीतरी बोलली असणार. मीही हसलो. मुलाचं हसणं संपलं तेव्हा माझं सुरू होतं, हे त्याच्या तोंडावरून कळलं.

मग तो आईला म्हणाला, "आव्वा, गुडघ्याचं आप्पाला सांगितलं का न्हाई?" ती काही बोलली. मुलगा माझ्याकडं बघायला लागला.

"काय म्हणली ती?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाली सांगून राहिले म्हणते. रोज, हितंच बसून."

मी तिच्याकडं वळलो. ती खाली बघून पदराचा काठ मोडत होती. पाच-सहा वर्षं जी शांतता मला गोड लागत होती, ती माझ्याच कानातली होती. ती बाई रोज संध्याकाळी माझ्या त्या मुक्या अंगाला बसून बोलत होती, आणि जवाब नाही आला की उठून भाकरी टाकायला जात होती.

मला खुर्ची दिसली, मठातली. मग तिचे गुडघे दिसले. मी खाकरून मुलाला म्हणलं, "लातूरला गुडघ्याचा डाक्टर चांगला हाय का?"

"हाय की."

"मंग उद्या जाऊ. हिच्या गुडघ्यासाठी. तिथं बसून बसून वेळ जायचा न्हाई, तर कुणी कानवाला असला शेजारी तर तेही बघून घेऊ. पण एक ध्यानात ठेव, शर्त मी जिंकलोय."

"हाव आप्पा, तुमीच जिंकला."

गुडघ्याच्या डाक्टरनं तिला गोळ्या आणि पट्टा दिला. कानाच्या दवाखान्यात मला काचेच्या खोलीत बसवलं, कानावर टोप्या चढवल्या, हातात बटन दिलं. आवाज आला की दाबा. काचेतून तपासणाऱ्या बाईचा हात दिसत होता. हात हलला की मी दाबायचो. दोन-चार वेळा झालं, मग बाई आत आली आणि हसून माझी खुर्ची फिरवली. "मामा, भिंतीकडं बघा." भिंतीकडं बघत मी लई वेळ बसलो. डाव्या कानाची पाळी आली तेव्हा बटन दाबायची वेळच जवळजवळ आली नाही.

डाव्या कानात थोडंसं उरलं होतं, तेवढ्यावर मशीन बसली, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. बसवताच शिट्टी मारली. बाई घाबरून काढायला लागली, तर मी तिचा हात धरला. "राहू दे बाय, ह्या धंद्यात चाळीस वर्षं काढली. आवाज फिरून परत माईकात शिरायलाय. नीट दाबून बसव." तिनं दाबलं, शिट्टी थांबली. बाईला मी कसं सांगितलं ते मुलाला तीनदा ऐकवलं. मठातल्या खुर्चीचं आता असं ठरलंय की येत्या श्रावणात बायको बायकांच्या ओळीत पुढं बसणार, आणि शिट्टी झाली तर हात वर करणार. ही युक्ती तिचीच, मी फक्त मंजूर केली.

घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी टीव्ही लावली. ती डाव्या बाजूला येऊन बसली आणि पडद्याकडंच बघत म्हणाली, "आवाज कमी करा जरा."

"हाव," मी म्हणलं, आणि केला.

तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. वर्षानुवर्षं सवयीनं म्हणत आली असणार, जवाब यायची वाट न बघता. मग गुडघ्याचं बोलली, मग तिच्या माहेरचं, मग पाण्याच्या टाकीला चीर गेलीय ते, मग मी मागं एकदा कुणाशी तरी तोडून बोललो होतो ते. जेवायची वेळ टळून गेली. मालिका कधी संपली कळलं नाही.

डाव्या मागचा डबा आहे तिथंच आहे. त्यात काही बिघाड नव्हता. नांदेडच्या त्या दुकानदाराला हे एकदा जाऊन सांगायला पाहिजे, असं बायको म्हणते. मला ते ऐकू आलं नाही, असं मी तिला सांगितलं आहे.